जखमांच्या नोंदीतून घडलेले चिलखत : लष्करी विमानसैनिकांच्या संरक्षणाची वाटचाल

लढाऊ हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या छातीवर आज सिरॅमिकची जी फळी असते, तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे काम उभे आहे. या कामात शल्यविशारद होते, तलवारी घडवणारे कारागीर होते, संग्रहालयातले अभ्यासक होते, रसायनशास्त्रज्ञ होते आणि शिलाई यंत्रांवर बसलेले असंख्य अनामिक स्त्रीपुरुषही होते. हे काम एका छताखाली, एका नावाने कधीच चालले नाही. अमेरिकी हवाई दलाचे वैद्यकीय खाते, लंडनची विल्किन्सन कंपनी, मॅसॅच्युसेट्समधील नॅटिकची प्रयोगशाळा अशा ठिकठिकाणी त्याचा कारभार विभागला गेला. कामाची शिस्त मात्र सगळीकडे सारखीच राहिली. आधी जखमांची नोंद ठेवायची आणि मग त्या नोंदीवरून चिलखताची जागा, जाडी आणि वजन ठरवायचे.

पूर्वतयारीचा काळ : १९१४ ते १९४१

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. जमिनीवरून झाडलेली साधी रायफलची गोळी या कापडातून आरपार जाई आणि वाटेत वैमानिक असला तर त्याच्यातूनही. इंजिनाची ताकद बेताची असल्याने विमानावर जास्तीचे वजन लादणे परवडत नसे. तेव्हा वैमानिक आपल्यापुरता तोडगा काढत आणि मिळेल तो लोखंडी पत्रा बैठकीखाली सरकवत. चिलखताचा हा पहिला अवतार कोणत्याही आराखड्यात नव्हता.

१९१७मध्ये जर्मनीच्या युंकर्स जे-१ या विमानाने दुसरे टोक गाठले. इंजिन आणि दोघे विमानसैनिक यांच्याभोवती ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादाची पेटीच बसवण्यात आली. खंदकांवरून अगदी खालून उडणाऱ्या या विमानातली माणसे गोळ्यांपासून बरीच सुरक्षित झाली, पण विमान जडशीळ झाले आणि जमीन सोडायला त्याला फार मोठी धाव घ्यावी लागे. संरक्षण आणि वजन यांचा जो तंटा पुढे प्रत्येक टप्प्यावर उभा राहिला, त्याची सुरुवात इथे झाली.

त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि या विषयाला पहिला अभ्यासक लाभला. बॅशफोर्ड डीन हे मूळचे मत्स्यशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये शस्त्रे व चिलखते विभागाचे ते क्युरेटर होते. सैन्याच्या ऑर्डनन्स खात्यात मेजर म्हणून रुजू होऊन त्यांनी शिरस्त्राणांचे आणि अंगावरच्या चिलखतांचे नमुने तयार करून घेतले. मध्ययुगीन चिलखते दुरुस्त करणारी संग्रहालयाची कार्यशाळा या कामाला लागली. त्यांचे बहुतेक नमुने सैन्याने प्रत्यक्ष वापरात आणले नाहीत. तरीही १९२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने आधुनिक युद्धातल्या चिलखतांची माहिती एकत्र बांधून ठेवली आणि पुढच्या पिढीला ती आयती मिळाली.

दोन युद्धांच्या मधल्या काळात विमाने धातूची झाली. १९४०च्या सुमारास ब्रिटनच्या लढाऊ विमानांत वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा आला. मात्र तो पत्रा विमानाचा भाग होता. माणसाने अंगावर घालायच्या चिलखताचा विचार त्या वेळी मागे पडलेलाच होता.

लंडनमधील पायाभरणी : १९४२-४३

१७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची १२ बी-१७ विमाने इंग्लंडहून उडाली आणि फ्रान्समधील रूआँजवळच्या रेल्वे यार्डावर त्यांनी बॉम्ब टाकले. युरोपातल्या दिवसाढवळ्या चालणाऱ्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यांचा हा प्रारंभ. प्रत्येक विमानात दहा माणसे असत. सुमारे २५,००० फूट उंचीवर, शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवून ती तासन्‌तास काम करत. मधल्या भागातले गनर उघड्या खिडक्यांपाशी उभे असत. विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ होता, की जवळ फुटलेल्या विमानभेदी गोळ्याची कपची त्यातून सहज आत घुसे.

आठव्या हवाई दलाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी कर्नल माल्कम ग्रो यांनी या कपच्यांचा माग काढला. पहिल्या महायुद्धात रशियाच्या शाही सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून काम केलेल्या ग्रो यांना रणभूमीवरच्या जखमा नव्या नव्हत्या. परतलेल्या विमानांतल्या जखमींची त्यांनी पद्धतशीर तपासणी केली. जखम कुठे झाली, कशाने झाली आणि घुसलेल्या वस्तूचा वेग किती असावा, याच्या नोंदी जमू लागल्या. त्यांतून निष्कर्ष निघाला की सुमारे ७० टक्के जखमा तुलनेने कमी वेगाच्या तुकड्यांनी झाल्या होत्या. सरळ येऊन आदळणाऱ्या तोफेच्या गोळ्यापुढे अंगावरच्या कोणत्याही चिलखताचा निभाव लागणार नव्हता. फुटलेल्या गोळ्याच्या कपच्या आणि विमानाच्याच पत्र्याचे उडालेले तुकडे मात्र थोड्याशा पोलादाने अडवता येण्यासारखे होते. या चिलखताचा पाया त्या निष्कर्षावर घातला गेला.

ते घडवण्यासाठी ग्रो यांनी लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीकडे धाव घेतली. १७७२पासून चालत आलेल्या या कंपनीकडे पातळ पोलाद हाताळणारे कसबी कारागीर होते. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२मध्ये शोधलेले मँगनीजयुक्त पोलाद निवडण्यात आले. मार बसेल तसतसे ते त्या जागी अधिक कठीण होते आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या शिरस्त्राणांसाठी त्याचाच उपयोग झाला होता. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या या पत्र्याचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापून ते कॅनव्हासच्या खिशांत शिवले गेले. घरावरच्या कौलांप्रमाणे प्रत्येक चौकोनाची कड शेजारच्या चौकोनावर चढवलेली होती, त्यामुळे अंग वळले तरी मध्ये फट पडत नसे.

१५ ऑक्टोबर १९४२ रोजी आठव्या हवाई दलाचे सेनापती जनरल कार्ल स्पाट्झ यांनी १२ बी-१७ विमानांच्या सैनिकांना पुरतील इतकी चिलखते बनवण्यास मंजुरी दिली. युद्धकाळातल्या लंडनमध्ये पोलाद, कापड आणि कामगार या तिन्हींची टंचाई होती. पहिली मागणी पुरी व्हायला १९४३चा मार्च उजाडला.

विश्वास संपादन करण्याची लढाई

चिलखत तयार झाले, तरी ते अंगावर चढवून घेणे सोपे नव्हते. विजेवर तापणारा पोशाख, त्यावर तरंगते जाकीट, त्यावर पॅराशूटचे पट्टे आणि या सगळ्यावर पोलादाचा भार अशी विमानसैनिकाची अवस्था होई. पेटलेल्या विमानातून उडी घ्यायची वेळ आली तर हे ओझेच आपल्याला बुडवेल, ही भीती रास्त होती. म्हणून चिलखत सगळ्या पोशाखाच्या वर घालायचे ठरले आणि त्याची बंधने एका लाल पट्टीशी जोडण्यात आली. ती पट्टी ओढताच चिलखताचे भाग सुटून खाली पडत आणि छातीवर पॅराशूट अडकवायला जागा मोकळी होई. प्रत्येकाने ते संपूर्ण उड्डाणभर वागवावे असा आग्रहही धरला नाही. विमानभेदी तोफांचा पट्टा जवळ आला की ते चढवायचे, अशी रीत पडली.

काही ठिकाणी चिलखत पोहोचूच शकले नाही. विमानाच्या पोटाखालच्या गोल मनोऱ्यात अंग दुमडून बसणाऱ्या गनरला ते घालायला जागाच नव्हती. ब्रिटनच्या रात्री उडणाऱ्या बॉम्बफेकी दलातही या चिलखताने मूळ धरले नाही. अमेरिकी तळांवर मात्र चित्र पालटत गेले. छातीवरच्या पोलादात कपची अडकलेला गनर पायांनी चालत विमानातून उतरला, की त्या तळावर चिलखतांची मागणी वाढे. माणसे मिळेल ते जादा चिलखत पायाखाली आणि बैठकीवरही अंथरू लागली, कारण गोळे फुटत ते बहुधा खालच्या बाजूने. या सवयीची दखल घेतली गेली आणि पुढच्या आराखड्यांत मांड्या व कंबर झाकणारे भाग आले.

विस्तार : १९४३ ते १९४५

लंडनच्या एका कंपनीला हजारो सैनिकांची गरज भागवणे शक्य नव्हते, म्हणून १९४३मध्ये उत्पादनाची सूत्रे अमेरिकेकडे गेली. ऑर्डनन्स खात्याने नमुने पक्के केले आणि प्रत्येकाला क्रमांक दिले. एम-१ जाकिटात छाती आणि पाठ दोन्हींवर पोलाद होते. त्याचे वजन सुमारे ८ किलो भरे आणि ते उभ्याने वावरणाऱ्या गनरसाठी होते. एम-२ला पोलाद फक्त पुढच्या बाजूने होते. ते सुमारे ४ किलोंचे होते आणि पाठीशी चिलखती आसन असणाऱ्या वैमानिक व सहवैमानिकासाठी राखलेले होते. एम-३ आणि एम-४ हे जाकिटाखाली अडकवायचे एप्रन होते, तर एम-५ने बसलेल्या माणसाच्या जांघा आणि मांड्या झाकल्या. माणूस विमानात कुठे आणि कसा बसतो यावरून त्याचे चिलखत ठरावे, हे तत्त्व या क्रमांकांमुळे रूढ झाले. ते आजही पाळले जाते.

डोक्याचा प्रश्न वेगळा होता. पायदळाचे शिरस्त्राण कानांवरच्या हेडफोनवर बसत नसे. म्हणून एम-३ या (शिरस्त्राणांच्या वेगळ्या क्रममालिकेतल्या) शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंना कान झाकणाऱ्या बिजागरीच्या पाळ्या लावल्या गेल्या. मनोऱ्यातल्या अपुऱ्या जागेसाठी पोलादी पट्ट्या शिवलेली, वरून चामडे चढवलेली टोपी निघाली. ‘ग्रो हेल्मेट’ याच नावाने ती ओळखली जाई. या टप्प्यावर मेट्रोपॉलिटन म्यूझियमची कार्यशाळा पुन्हा कामाला लागली. डीन यांचे वारसदार क्युरेटर स्टीफन ग्रॅन्से यांनी नव्या नमुन्यांसाठी सल्ला दिला. अमेरिकेतल्या कापड आणि धातू कारखान्यांतून लाखो नग बाहेर पडले. चौकोन कापणे, खिसे शिवणे, कडा जुळवणे ही सगळी कामे तिथल्या कामगारांनी केली.

या काळाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवरच्या एकाच हल्ल्यात ६० बी-१७ विमाने पडली. युद्ध संपेपर्यंत एकट्या आठव्या हवाई दलाचे सुमारे २६,००० जण मृत्युमुखी पडले होते. कोसळणाऱ्या विमानातल्या माणसाला चिलखत वाचवू शकत नव्हते आणि तसा दावाही कोणी केला नाही. परतलेल्या विमानांतल्या जखमींच्या नोंदी मात्र स्पष्ट बोलत होत्या. छाती आणि पोटाच्या जखमा घटल्या आणि त्यांनी होणारे मृत्यूही कमी झाले. उरलेल्या जखमा हातापायांवर आणि डोक्यावर, म्हणजे पोलाद नव्हते त्या जागी, दिसू लागल्या. १९४३मध्ये ग्रो यांना या कार्यासाठी ‘लीजन ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. १९४९मध्ये ते अमेरिकी हवाई दलाचे पहिले सर्जन जनरल झाले.

पोलादाकडून नायलॉनकडे : १९४३ ते १९६०

पोलादाची चिलखते रणांगणावर असतानाच त्यांची जागा घेणारे पदार्थ प्रयोगशाळेत तयार होत होते. १९४३मध्ये काचतंतू आणि राळ यांचे थर दाबून केलेली एक हलकी फळी तयार झाली. सैन्याच्या क्वार्टरमास्टर विभागातील कर्नल जॉर्ज डोरिओ यांच्या नावावरून तिला ‘डोरॉन’ म्हटले गेले. दाट विणीच्या नायलॉनचे अनेक थर एकत्र शिवले तर कपच्या त्यांत अडकतात, हेही प्रयोगांत सिद्ध झाले. युद्ध संपता संपता अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नायलॉन यांचे मिश्र नमुने पुढे आले.

कोरियाच्या युद्धात या पदार्थांचे चीज झाले. मरीन सैनिकांच्या एम-१९५१ जाकिटात नायलॉनबरोबर डोरॉनच्या फळ्या होत्या, तर भूदलाच्या एम-१९५२ जाकिटात नायलॉनचे १२ थर होते. विमानासाठी जन्मलेली कल्पना अशा रीतीने पायदळाच्या अंगावर गेली. १९५४मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक येथे क्वार्टरमास्टर संशोधन केंद्र सुरू झाले आणि तोवर अनेक ठिकाणी विखुरलेल्या कामाला एक कायमचे घर मिळाले. विमानसैनिकांसाठी मात्र हा थंडावलेला काळ ठरला. उंच आणि वेगाने उडणाऱ्या जेट विमानांत अंगावरच्या चिलखताची निकड कोणाला जाणवत नव्हती.

सिरॅमिकचे पर्व : १९६२ ते १९७५

ही निकड हेलिकॉप्टरने पुन्हा उभी केली. व्हिएतनाममध्ये सैनिकांना उतरवणारे आणि जखमींना उचलणारे ह्युई हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांवरून सावकाश उडे आणि कोणत्याही रायफलच्या टप्प्यात येई. १९६५मध्ये अमेरिकेचे पहिले हेलिकॉप्टरबद्ध डिव्हिजन तिथे उतरले आणि हेलिकॉप्टरे मोठ्या संख्येने युद्धात आली. अमेरिकेने त्या युद्धात वापरलेल्या सुमारे १२,००० हेलिकॉप्टरांपैकी जवळजवळ ५,००० नष्ट झाली. नायलॉनचे जाकीट कपच्या अडवत असे, परंतु रायफलची गोळी त्यातून आरपार जाई. सैनिकांनी जुनी जाकिटे बैठकीखाली अंथरली. त्यांच्या आधीच्या पिढीने नेमके हेच केले होते.

उत्तर मिळाले ते कुंभारकामाच्या जवळच्या शास्त्रातून. साठच्या दशकाच्या आरंभी गुडइयर एरोस्पेस कंपनीत रिचर्ड कुक यांनी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कठीण सिरॅमिकला मागून काचतंतूच्या फळीचा आधार दिला. अशा चिलखतावर गोळी आदळली की सिरॅमिक तिचे टोक चिरडते आणि स्वतः भेगाळत तिचा जोर विखुरते. उरलेले तुकडे मागची फळी झेलते. सिलिकॉन कार्बाइड आणि बोरॉन कार्बाइड हे पुढचे पदार्थ आले. पाण्याच्या तुलनेत पोलादाची घनता ७.८, अॅल्युमिनियम ऑक्साइडची ३.९ आणि बोरॉन कार्बाइडची अवघी २.५. हलक्या वजनात कठीणपणा हवा असलेल्या विमानासाठी हा पदार्थ वरदान ठरला. ह्युईच्या वैमानिकांची आसने बोरॉन कार्बाइडने मढवली गेली.

आसनाने पाठ आणि कुशी सांभाळल्या, पण छाती उघडीच होती. नॅटिकच्या प्रयोगशाळेने १९६६च्या सुमारास विमानसैनिकांसाठी सिरॅमिकची वक्र फळी बसवलेले जाकीट पुरवायला सुरुवात केली. जवळून झाडलेली रायफलची गोळीही ते अडवू शकत होते. वैमानिकाला फक्त पुढची फळी आणि दाराशी उभ्या गनरला पुढची व मागची दोन्ही, अशी वाटणी झाली. एम-१ आणि एम-२ यांमधला १९४३चा भेद इथे नव्या पदार्थात उतरला. सैनिकांनी या फळीला ‘चिकन प्लेट’ असे टोपणनाव दिले आणि तेच कायम राहिले.

अपयशही पदरी पडले. पायांसाठी केलेली सिरॅमिकची आवरणे इतकी जड आणि अडचणीची निघाली की ती सैनिकांनी वापरलीच नाहीत. दमट उन्हाळ्यात दोन फळ्यांचे ओझे घेऊन दिवसभर उडणे ही शिक्षाच होती. शिवाय जखमांच्या नोंदीने एक वेगळीच बाब पुढे आणली. गोळीतून वाचलेली कित्येक माणसे अपघातानंतर लागलेल्या आगीत दगावत होती. म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस न पेटणाऱ्या नोमेक्स धाग्याचे पोशाख आले आणि १९७०पासून आपटूनही न फुटणाऱ्या इंधनटाक्या बसवल्या जाऊ लागल्या. विमान, आसन आणि अंगावरचा पोशाख यांनी संरक्षणाची जबाबदारी वाटून घ्यायची, ही व्यवस्था येथून पक्की झाली.

धाग्यांची क्रांती आणि आजचे स्थान

१९६५मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी जे संशोधन केले, त्यातून केव्हलर हा धागा जन्माला आला. सत्तरच्या दशकात तो चिलखतांत उतरला आणि नायलॉन मागे पडले. पुढे अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिलीन धाग्यांनी सिरॅमिकमागचा आधार आणखी हलका केला. काही विमानांनी तर आपले चिलखत विमानातच सामावून घेतले. अमेरिकेच्या ए-१० विमानात वैमानिकाभोवती टायटॅनियमची पेटी आहे. युंकर्सच्या पोलादी पेटीचीच ही सुधारलेली पिढी म्हणता येईल.

एकविसाव्या शतकात अमेरिकी भूदलाने ‘एअर वॉरियर’ या संचात चिलखत, तरंगण्याचे साधन, अपघातात माणसाला ओढून काढण्याचे पट्टे आणि अंगाभोवती थंड पाणी खेळवणारे जाकीट एकत्र आणले. व्हिएतनामच्या उकाड्याची तक्रार अशा रीतीने चार दशकांनी बरीचशी निकाली निघाली. एका हिसक्यात सगळे ओझे उतरवता आले पाहिजे ही लाल पट्टीच्या काळातली अटही कायम आहे, कारण पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून निसटायला फारच थोडा अवधी असतो. सिरॅमिकला न दिसणारी भेग पडू शकते, म्हणून फळ्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली जाते.

भारतातही या विद्येने चांगले मूळ धरले आहे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राला अणुभट्ट्यांच्या कामामुळे बोरॉन कार्बाइडचा दीर्घ अनुभव होता. त्याच पदार्थाला कार्बन नॅनोट्यूबची जोड देऊन केंद्राने जवानांसाठी ‘भाभा कवच’ हे हलके जाकीट घडवले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे हवाई दलात दाखल झालेले ‘प्रचंड’ हे लढाऊ हेलिकॉप्टर रचनेपासूनच चिलखती संरक्षण घेऊन आले आहे.

ग्रो यांचे नाव आज वॉशिंग्टनजवळच्या अँड्रूज तळावरील लष्करी वैद्यकीय केंद्राला आहे. त्यांनी वहीत सुरू केलेल्या कामाचे आता मोठे खाते झाले आहे. २००६पासून अमेरिकी लष्कराचा एक स्वतंत्र कार्यक्रम सैनिकांच्या जखमा, त्यांच्या अंगावरची साधने आणि घटनेची परिस्थिती यांची एकत्र छाननी करतो. त्यातून निघालेले निष्कर्ष चिलखत घडवणाऱ्यांकडे पाठवले जातात. वजन आणखी उतरवणे, वेगवेगळ्या शरीरयष्टीच्या स्त्रीपुरुषांना नीट बसतील असे आकार देणे आणि उकाड्यात ते सुसह्य करणे ही कामे आज हाती आहेत. ती करणारे अभियंते, डॉक्टर आणि कारागीर विल्किन्सनच्या कार्यशाळेतल्या माणसांचे थेट वारसदार आहेत आणि त्यांच्यापुढचा आराखडा आजही जखमींच्या तपासणीपासूनच सुरू होतो.